१८१८च्या अर्जात जखमेचा उल्लेख का नाही? अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील जखमी सैनिकांच्या फायली वाचताना

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. एम.ए.च्या प्रबंधासाठी तुम्ही पेन्सिल्व्हेनियातील एका शिपायाची निवृत्तिवेतनाची फाईल वाचत आहात. ४ ऑक्टोबर १७७७ रोजी जर्मनटाउनच्या लढाईत खांद्यात गोळी लागून आपण जखमी झालो, असे तो १८२०च्या कागदात सांगतो. परंतु त्याच्या १८१८च्या मूळ अर्जात जखमेचा एका शब्दानेही उल्लेख नाही, आणि १८१८च्या आधीचा कोणताही कागद फायलीत नाही. त्यावरून तुम्हाला दोन शंका आल्या आहेत. पहिली, एक्केचाळीस वर्षे या माणसाला सरकारकडून काहीच मिळाले नाही का? आणि दुसरी, जी जखम त्याला १८१८मध्ये सांगावीशी वाटली नाही, ती दोन वर्षांनी अचानक कशी आठवली. म्हणजे तो खोटे बोलत होता का? तुमच्या मार्गदर्शकांचा कल दुसऱ्या शंकेकडे आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

माझी भूमिका आधी स्पष्ट करतो. मी पुण्यात सव्वीस वर्षे वकिली केली आणि त्यातील बहुतेक काळ सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या माजी सैनिकांचे अपंगत्व-निवृत्तिवेतनाचे दावे चालवले. निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेत राहायला आल्यावर या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील फायली वाचायला लागलो, आणि गेली अकरा वर्षे तेच करतो आहे. त्यामुळे मी इतिहासकाराच्या नव्हे, तर दावा तयार करणाऱ्याच्या नजरेने या कागदांकडे पाहतो. अर्ज वाचताना माझा पहिला प्रश्न असतो तो असा: हा अर्ज ज्या कायद्याखाली केला, त्या कायद्याने अर्जदाराला नेमके काय शाबित करायला सांगितले होते? तुमच्या दोन्ही शंकांचे उत्तर या एका प्रश्नात आहे, आणि ते मिळवायचे तर १७७६पासून सुरुवात करावी लागते.

२६ ऑगस्ट १७७६ रोजी, स्वातंत्र्याच्या घोषणेला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, कॉन्टिनेंटल काँग्रेसने (बंड केलेल्या वसाहतींच्या मध्यवर्ती प्रतिनिधिसभेने) जखमी सैनिकांसाठी पहिला ठराव केला. लढाईत हात किंवा पाय गमावलेल्या, अथवा सेवेत असताना पोट भरण्यास असमर्थ होण्याइतके अपंगत्व आलेल्या अधिकाऱ्याला, शिपायाला वा खलाशाला, हयातभर किंवा अपंगत्व टिकेल तोवर, निम्मे वेतन मिळेल असे त्यात म्हटले होते. साध्या शिपायाचे मासिक वेतन पावणेसात डॉलरच्या आसपास होते, म्हणजे निम्मे सव्वातीन डॉलरच्या थोडे वर. अपंगत्व अंशतः असेल तर त्या प्रमाणात कमी रक्कम मिळायची, आणि पहारा किंवा किल्ल्यावरची शिबंदी करता येण्याइतका जो धड असेल त्याने जखमींच्या स्वतंत्र पलटणीत चाकरी करायची होती. ती पलटण १७७७च्या जूनमध्ये कर्नल लुइस निकोला यांच्या हाताखाली उभी राहिली. २५ सप्टेंबर १७७८च्या ठरावाने हाच लाभ १९ एप्रिल १७७५पासून, म्हणजे युद्धाच्या पहिल्या दिवसापासून जखमी झालेल्यांना लागू झाला. तेव्हा कायदा नव्हता म्हणून काही मिळाले नाही, हे तर कोणालाच म्हणता येणार नाही. तुमचा शिपाई ज्या दिवशी जखमी झाला त्या दिवशी त्याचा हक्क कागदावर वर्षभर जुना होता.

अडचण त्याच ठरावाच्या पुढच्या भागात आहे. जखमीने दोन दाखले आणायचे होते. एक, ज्या चकमकीत तो जखमी झाला तिथे हजर असलेल्या त्याच्या सेनाधिकाऱ्याचा, आणि तो मेला असेल तर त्याच पथकातील दुसऱ्या अधिकाऱ्याचा. दुसरा, उपचार करणाऱ्या शल्यवैद्याचा. त्यात नाव, हुद्दा, पलटण, तुकडी, जखमेचे स्वरूप आणि चकमक कोणती, हे सारे यायला हवे होते. शांततेच्या काळात लिहिलेला हा नियम वाजवी दिसतो. पण जर्मनटाउनची सकाळ डोळ्यांसमोर आणा: दाट धुके, चू यांच्या दगडी वाड्यात दडलेल्या इंग्रज सैनिकांमुळे रखडलेली चढाई, आपल्याच तुकड्यांनी एकमेकींवर केलेला गोळीबार, मग माघार, आणि अमेरिकन बाजूचे पाचशेहून अधिक जखमी. त्या शरद ऋतूत जखमींना गाड्यांत घालून बेथलेहेम, एफ्राटा, रेडिंग अशा गावांतील तात्पुरत्या रुग्णालयांत हलवण्यात आले, आणि तिथे जखमांइतकीच माणसे ज्वराने मेली. त्या गर्दीतील कोणता शल्यवैद्य कोणत्या शिपायाला दाखला लिहून देणार होता? आणि लिहून दिला असता, तर तो कागद शिपायाने पुढची पंधरा वर्षे कोणत्या पेटीत जपून ठेवला असता?

ही गोष्ट मला फार जवळून माहीत आहे. माझ्याकडे येणारे निवृत्त जवान पाय दाखवायचे, पाठ दाखवायचे, पण ज्या दिवशी अपघात झाला त्या दिवसाची नोंद दाखवू शकायचे नाहीत, कारण त्या दिवशी नोंद करणारा माणूस त्यांना स्ट्रेचरवरून उतरवण्यात गुंतलेला असायचा. दाव्यात सर्वांत पक्की असते ती जखम, आणि सर्वांत कच्चा असतो तो तिचा कागद. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला कागदाचा अभाव हा जखमेचा अभाव वाटतो.

दुसरी अडचण पैशांची. कॉन्टिनेंटल काँग्रेसला कर लावण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून ठराव करून अंमलबजावणी राज्यांवर सोपवण्यात आली. त्यातच काँग्रेसने छापलेल्या नोटा कोसळल्या. १७८०च्या मार्चमध्ये चाळीस कागदी डॉलरना एक चांदीचा डॉलर असा भाव काँग्रेसनेच ठरवला, आणि पुढच्या वर्षी त्या नोटा व्यवहारातून जवळजवळ गेल्या. त्यामुळे त्या काळात निम्मे वेतन मंजूर झालेल्यालाही प्रत्यक्षात काय मिळाले, हे तो कोणत्या राज्यात राहत होता आणि रक्कम कोणत्या चलनात मिळाली यावर अवलंबून होते. इथे मी तुम्हाला एकच एक उत्तर देऊ शकत नाही. मात्र ७ जून १७८५ रोजी काँग्रेसने राज्यांना एकसारखी शिफारस केली. पूर्ण अपंग शिपायाला दरमहा पाच डॉलर, अधिकाऱ्याला निम्मे वेतन, अंशतः अपंगाला त्या प्रमाणात, तपासणी राज्याने करायची आणि खर्च राज्याने केंद्राला द्यायच्या वाट्यातून वळता करून घ्यायचा, अशी ती योजना होती. पेन्सिल्व्हेनियात हे अर्ज काउंटीच्या ऑर्फन्स कोर्टापुढे जात. एरवी अनाथांच्या आणि मृतांच्या मालमत्तेचे काम पाहणाऱ्या या न्यायालयाच्या दप्तरात सैनिकाचे नाव शोधावे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. तुमच्या शिपायाला १७८५ ते १७८९च्या दरम्यान काही मंजूर झाले असेल, तर त्याचा माग राष्ट्रीय अभिलेखागारातल्या फायलीत नव्हे, तर राज्याच्या आणि काउंटीच्या दप्तरात लागण्याची शक्यता अधिक आहे.

मग ११ जून १७८८ रोजी काँग्रेसने मुदत घातली: सहा महिन्यांच्या आत अर्ज केला नाही तर हक्क गेला. डोंगरापलीकडे वस्ती करायला गेलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला ही मुदत कोण सांगणार होते, याचा विचार करा. वकील म्हणून मुदतबाह्य ठरलेले दावे मी पुष्कळ पाहिले, आणि त्यातील फारच थोडे आळसामुळे मुदतबाह्य झालेले होते.

नवे संघराज्य आल्यावर २९ सप्टेंबर १७८९च्या कायद्याने राज्ये देत असलेली जखमींची निवृत्तिवेतने केंद्राने आपल्याकडे घेतली. पण यादीत आधीच असलेल्यांचीच ही सोय होती. बाहेर राहिलेल्यांसाठी दार उघडले ते २३ मार्च १७९२च्या कायद्याने, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत लक्ष देऊन वाचण्यासारखे प्रकरण हेच आहे. या कायद्याने मुदतीची अट उठवली, परंतु अर्जदाराने आपल्या जिल्ह्याच्या सर्किट न्यायालयापुढे (केंद्राच्या फिरत्या न्यायालयापुढे) जातीने हजर व्हायचे, सेनाधिकाऱ्याचा दाखला किंवा दोन विश्वासू साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे आणायची, शिवाय गेल्या वर्षभरात आपण कसे जगलो आणि काय काम केले हे स्वतःच्या माहितीवरून सांगणाऱ्या तीन प्रतिष्ठित जमीनधारकांची प्रतिज्ञापत्रे जोडायची, अशा अटी घातल्या. न्यायालयाने अपंगत्व किती, हे ठरवून युद्धमंत्र्यांकडे मत पाठवायचे. फसवणूक किंवा चूक झाल्याचा संशय आल्यास युद्धमंत्र्यांनी ते नाव यादीत न घेता काँग्रेसला कळवायचे. त्या वेळी युद्धमंत्री होते हेन्री नॉक्स, स्वतः त्याच युद्धातील तोफखान्याचे सेनानी.

न्यायाधीशांनी यावर हरकत घेतली. न्यायालयाचा निर्णय मंत्र्याने तपासायचा, तर ते काम न्यायदानाचे राहत नाही, असा त्यांचा मुद्दा होता, आणि कायद्याच्या दृष्टीने तो मला बिनतोड वाटतो. न्यूयॉर्कच्या सर्किटवरील न्यायाधीश जे, कुशिंग आणि ड्वेन यांनी मधली वाट काढली: कायद्याचा हेतू दयाबुद्धीचा आहे, म्हणून न्यायालय या नात्याने नव्हे तर आयुक्त या नात्याने आम्ही अर्ज ऐकू. पेन्सिल्व्हेनियातील विल्सन, ब्लेअर आणि पीटर्स यांनी ही वाट नाकारली. एप्रिल १७९२मध्ये विल्यम हेबर्न नावाचा जखमी सैनिक त्यांच्यापुढे उभा राहिला, तेव्हा त्यांनी त्याचा अर्ज हाती घेण्यासच नकार दिला आणि आपली कारणे राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांना पत्राने कळवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, महान्यायवादी एडमंड रँडॉल्फ यांनी बाजू मांडली, न्यायालयाने निर्णय पुढच्या सत्रावर टाकला, आणि तोवर काँग्रेसने कायदाच बदलला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हेबर्नचा खटला सत्ताविभागणीचा धडा म्हणून शिकवला जातो. मी तो वाचतो तेव्हा मला दारातून परत फिरलेला तो अर्जदार दिसतो. तुमचा शिपाई पेन्सिल्व्हेनियाचा आहे, ही गोष्ट इथे महत्त्वाची ठरते. १७९२च्या वसंतात तो फिलाडेल्फियाला पोहोचलाच असता, तर याच तीन न्यायाधीशांपुढे उभा राहिला असता.

जिथे न्यायाधीशांनी आयुक्त म्हणून अर्ज ऐकले तिथेही सगळे सुरळीत झाले नाही. कनेक्टिकटच्या येल टॉड याला असे निवृत्तिवेतन आणि थकबाकी मिळाली. पण आयुक्तांच्या या निर्णयांना कायद्याचा आधार आहे का, हे ठरवून घेण्यासाठी सरकारनेच त्याच्यावर दावा लावून दिलेले १७२ डॉलर ९१ सेंट परत मागितले, आणि फेब्रुवारी १७९४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टॉडच्या विरुद्ध निकाल दिला. टॉडने काही लपवले नव्हते. सांगितले त्या ठिकाणी, सांगितले त्या लोकांपुढे तो गेला होता.

२८ फेब्रुवारी १७९३चा सुधारित कायदा न्यायाधीशांना मान्य झाला, पण अर्जदाराला अधिक जड गेला. आता जिल्हा न्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेले तीन जण फक्त पुरावा नोंदवून घेणार होते. दोन वैद्यांनी तपासणी करून अपंगत्व जीविकेच्या आड कसे येते ते लिहायचे होते. आणि अर्जदाराने तीन गोष्टी साक्षीने शाबित करायच्या होत्या: सेवा कशी संपली, त्यानंतर आजवर आपण कोणत्या उद्योगावर जगलो, आणि अपंगत्व मुळात होते व ते तेव्हापासून अखंड चालू आहे. यातील तिसरी अट सर्वांत कठीण आहे, असे मी अनुभवाने सांगतो. खांद्यात गोळी लागलेला शेतकरी घरी येतो, एका हाताने का होईना नांगर धरतो, कारण धरला नाही तर मुले उपाशी राहतात. सोळा वर्षांनी शेजाऱ्याला साक्षीला बोलावले, की शेजारी शपथेवर खरे तेच सांगतो: होय, हा माणूस नांगरायचा. ज्याने सोसून काम केले त्याचे सोसणेच त्याच्या विरुद्ध पुरावा होते. माझ्या एका अशिलाच्या बाबतीत हेच झाले होते. गुडघ्याच्या दुखण्यावर त्याने आठ वर्षे एकदाही सुट्टी घेतली नव्हती, आणि सुट्टीची नोंद नाही म्हणून दुखणेही नाही, असा युक्तिवाद समोरून आला.

शाबितीची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न किती निर्णायक असतो याचे एक उदाहरण आपल्याकडचे देतो. २०१३मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की भरतीच्या वेळी सैनिकाच्या कागदांत दुखण्याची नोंद नसेल तर तो तेव्हा निरोगी होता असे गृहीत धरायचे, आणि नंतरचे दुखणे सेवेमुळे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची. १७९३च्या अमेरिकेत हा भार सर्वस्वी जखमीवर होता. त्या काळच्या काँग्रेसला कृतघ्न म्हणावे असे मला वाटत नाही. तिजोरी रिकामी होती, खोटे दावेही येत होते, आणि निवृत्तिवेतनधाऱ्यांचा कायमचा वर्ग निर्माण होईल ही भीती त्या पिढीत खरीखुरी होती. पण संशयाचा फायदा तिजोरीला द्यायचा हे त्यांनी ठरवले होते, आणि त्याची किंमत ज्यांच्याकडे कागद सर्वांत कमी होते त्यांनी मोजली, हे मी स्पष्ट म्हणेन.

आता तुमच्या फायलीत १८१८च्या आधीचे काही का नाही, याकडे येतो. ८ नोव्हेंबर १८०० रोजी वॉशिंग्टनमधील युद्धखात्याच्या कार्यालयाला आग लागली आणि तोवरचे अर्ज व पुरावे जवळजवळ सारे जळाले. १८१४च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सैन्याने शहरातील सरकारी इमारती जाळल्या तेव्हा आणखी नुकसान झाले. म्हणून १८००पूर्वीचा कागद फायलीत नसणे ही या संग्रहाची सर्वसाधारण अवस्था आहे. तुमच्या शिपायाची ती खास बाब नाही. सुदैवाने १७९२ आणि १७९४च्या सुमारास युद्धखात्याने काँग्रेसला पाठवलेल्या अर्जदारांच्या याद्या काँग्रेसच्या कागदांत बचावल्या. पुढे ‘अमेरिकन स्टेट पेपर्स’ या मालिकेतील दाव्यांच्या खंडात त्या छापल्या गेल्या. त्यांत नाव, हुद्दा, पलटण, जखम कशी आणि कोठे झाली, अशी माहिती सापडते. अर्ज केलेल्या पण यादीत न घेतलेल्या लोकांसाठी तर कित्येकदा हाच एकमेव उरलेला मागोवा असतो. तुमच्या शिपायाचे नाव तिथे आधी पाहा, आणि स्पेलिंगबाबत उदार राहा. लेखनिक ऐकू आले तसे लिहीत, आणि पेन्सिल्व्हेनियातील जर्मन आडनावे तर ओळखू येणार नाहीत अशी बदलत.

दुसऱ्या शंकेचे उत्तर यापेक्षा सोपे आहे. १८ मार्च १८१८चा कायदा जखमींसाठी नव्हताच. कॉन्टिनेंटल सैन्यात, म्हणजे काँग्रेसच्या नियमित सैन्यात, नऊ महिने किंवा युद्ध संपेपर्यंत सेवा, आणि हलाखीमुळे देशाच्या मदतीची गरज, एवढ्याच दोन गोष्टी त्याने विचारल्या. शिपायाला दरमहा आठ डॉलर आणि अधिकाऱ्याला वीस डॉलर दिले. न्यायाधीशापुढे बसलेला लेखनिक कायद्यात जे लागते तेवढेच लिहून घेत असे, आणि जखम त्यात लागत नव्हती. उलट या कायद्याखाली लाभ घ्यायचा तर आधीच्या निवृत्तिवेतनावरचा हक्क सोडून द्यावा लागे, त्यामुळे जखमींच्या यादीत आधीपासून असलेला माणूसही इथे सेवेच्याच बळावर अर्ज करी. अर्जांची संख्या आणि खर्च अपेक्षेपेक्षा कितीतरी वाढला, गैरफायदा घेतल्याच्या तक्रारी आल्या, म्हणून १ मे १८२०च्या कायद्याने प्रत्येकाला अंगावरचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण वगळून साऱ्या मालमत्तेची यादी शपथेवर द्यायला लावले, आणि त्याबरोबर आपला धंदा कोणता, तो करण्याची ताकद आहे का, घरात कोण अवलंबून आहे, हेही विचारले जाऊ लागले. ताकद आहे का, असे विचारल्याबरोबर खांद्याची गोष्ट निघाली. दोन कागदांत विसंगती नाही; दोन वेगळ्या प्रश्नांची ती दोन उत्तरे आहेत. जोसेफ प्लम्ब मार्टिन हा स्वतःच्या आठवणी लिहिणारा शिपाई सर्वांच्या ओळखीचा आहे. १८२०मध्ये त्याच्या यादीत दोन गाई, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर होते, आणि वय व अशक्तपणामुळे आपल्याकडून काम होत नाही हेही त्याने त्याच यादीच्या ओघात सांगितले. मालमत्तेच्या याद्यांत शरीराविषयीची माहिती अशी हटकून सापडते.

कायद्यांबरोबर एकाच व्यक्तीच्या हातातले पैसे कसे बदलत जातात, हे पाहायचे असेल तर डेबोरा सॅम्पसन यांचा हिशेब पाहा. पुरुषवेषात रॉबर्ट शर्टलिफ या नावाने मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीत लढून जखमी झालेल्या या बाईंना १८०५मध्ये, स्वातंत्र्ययुद्धातील नामवंत पॉल रिव्हिअर यांनी आदल्या वर्षी काँग्रेस सदस्याला पत्र लिहून रदबदली केल्यानंतर, जखमींच्या यादीत दरमहा चार डॉलर मिळाले. पूर्ण अपंगत्वाचा दर पाच डॉलर होता, म्हणजे त्यांचे अपंगत्व चार-पंचमांश धरले गेले. २४ एप्रिल १८१६च्या कायद्याने पूर्ण दर आठ डॉलर झाला, तेव्हा त्यांचे सहा डॉलर चाळीस सेंट झाले, गुणोत्तर तेच. १८१८मध्ये सेवेच्या कायद्याने आठ डॉलर मिळत होते, म्हणून त्यांनी जखमींचे निवृत्तिवेतन सोडले. आता कोणी फक्त १८१८नंतरच्या आठ डॉलरची नोंद वाचली, तर ही बाई कधी जखमी झाली होती हे त्याला कळणारही नाही. तुमच्या शिपायाच्या बाबतीत हीच शक्यता तपासायची राहिली आहे.

काही जण मात्र कोणत्याच वाटेने आत आले नाहीत, आणि प्रबंधात त्यांना जागा द्यावी अशी माझी विनंती आहे. १० एप्रिल १८०६च्या कायद्याने मिलिशिया (स्थानिक नागरी सैन्य) आणि राज्यांच्या सैन्यातील जखमींनाही घेतले, ही मोठी सुधारणा होती. परंतु त्याची भाषा लढाईतील ज्ञात जखमांची होती, आणि या युद्धात गोळीपेक्षा देवी, ज्वर आणि हगवण यांनी अधिक माणसे मारली व खिळखिळी केली. थंडीने कायमचे आखडलेले सांधे किंवा कैदेतल्या जहाजावर गेलेली प्रकृती जखम म्हणून दाखवणे जवळजवळ अशक्य होते. मार्गारेट कॉर्बिन यांना फोर्ट वॉशिंग्टनच्या लढाईत तोफेवर पतीची जागा घेतल्यावर हाताला जबर जखम झाली, आणि ६ जुलै १७७९ रोजी काँग्रेसने त्यांना शिपायाच्या निम्म्या वेतनाइतकी रक्कम व कपड्यांचा एक जोड मंजूर केला. पण तो त्यांच्यापुरता स्वतंत्र ठराव होता, इतर स्त्रियांना त्याचा आधार घेता आला नाही. आणि जेहू ग्रँट या कृष्णवर्णीय माणसाने सैन्याच्या गाड्या हाकल्या होत्या. सेवेबद्दल निवृत्तिवेतन देणाऱ्या १८३२च्या कायद्याखाली केलेला त्याचा अर्ज फेटाळला गेला, कारण सेवेच्या वेळी तो मालकाकडून पळालेला गुलाम होता. तो जखमींमध्ये मोडत नाही, तरी शाबित करूनही हक्क मिळत नाही अशी अवस्था कशी असते, ते त्याच्या फायलीत दिसते.

आता प्रत्यक्ष कामाचे बोलू. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या एम ८०४ या संग्रहात सुमारे ऐंशी हजार फायली आहेत आणि त्या आता इंटरनेटवर वाचता येतात. तुमच्या फायलीवरील क्रमांकाआधीचे अक्षर पाहा: एस म्हणजे हयात सैनिकाला मंजूर झालेला अर्ज, डब्ल्यू म्हणजे विधवेचा, आर म्हणजे फेटाळलेला. काही नावांपुढे केवळ अपंगत्वाची नोंद आणि कागद नाहीत असा शेरा असलेले कार्ड असते. ते बहुधा आगीत गेलेल्या अर्जांचे असते, आणि त्या एका ओळीलाही फार किंमत आहे. तुमच्या शिपायाच्या नावाशी जुळणारे असे दुसरे कार्ड आहे का, ते शोधा. त्यानंतर दाव्यांच्या खंडातील याद्या, मग १८३५मध्ये छापलेली निवृत्तिवेतनधाऱ्यांची यादी, आणि शेवटी काउंटीच्या ऑर्फन्स कोर्टाचे दप्तर, या क्रमाने जा. १८३५च्या यादीत जखमींचे आणि सेवेचे निवृत्तिवेतन वेगवेगळे दाखवलेले आढळेल. १८३२च्या कायद्याखालचा अर्जही फायलीत असेल तर त्यातही जखम नाही म्हणून निराश होऊ नका. त्या वेळी युद्धखात्याने ठरवून दिलेले सात प्रश्न जन्म, भरती, अधिकारी, सेवामुक्तीचा दाखला आणि ओळखीचे लोक यांविषयीचे होते, जखमेविषयीचा एकही नव्हता.

हे सारे करून काहीच सापडले नाही, तर प्रबंधात काय लिहायचे, असा प्रश्न उरतो. तेव्हा त्याला काही मिळाले नाही असे लिहू नका, आणि तो खोटे बोलला असेही लिहू नका. १७७७ ते १८१८ या काळात त्याने अर्ज केल्याचा पुरावा उपलब्ध नाही, त्या काळातील केंद्रीय कागद जळालेले आहेत, आणि त्याच्या राज्यात १७९२ची वाट न्यायाधीशांच्या नकारामुळे बंद होती, एवढे लिहा. मार्गदर्शकांना १८१८ आणि १८२०च्या कायद्यांच्या अटी शेजारी ठेवून दाखवा; मला खात्री आहे की खोटेपणाचा मुद्दा ते स्वतःच मागे घेतील. आणि एक विनंती: १८२०च्या कागदात खांद्याचा उल्लेख ज्या वाक्यात आहे, त्याच्या आगेमागे वैद्याचे किंवा शेजाऱ्याचे नाव आले आहे का, ते पाहून कळवा. आले असेल तर त्या नावाने काउंटीच्या दप्तरात कसा शोध घ्यायचा, ते मी पुढच्या वेळी सविस्तर लिहितो.